तहानलेला वाफा

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी डिंडोलीच्या नव्या बंबखान्यात पाण्यानं भरलेली एक घागर सापडली, आणि ऊन तापायच्या आत कामावरच्या सगळ्या माणसांनी घमेली खाली ठेवली.

आता घागरच ती! मे महिन्यातल्या सुरतेत भरलेली घागर दिसली तर जिवाला गार वाटावं. पण ही घागर कुठं होती ते आधी ऐका.

बंबखान्याचा गाळा म्हणजे आगीचे बंब उभे राहणार ती लांबलचक जागा. वर स्लॅब पडलेला, खाली नवीकोरी काँक्रीटची फरशी. नव्या काँक्रीटला पहिले तीन आठवडे पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते तडकतं. म्हणून फरशीवर बोटभर उंचीचे बांध घालून शेतातल्यासारखे वाफे केले होते. रोज संध्याकाळी बायका ते वाफे बादल्यांनी काठोकाठ भरून जायच्या. सकाळी पाहावं तर सगळे वाफे जसेच्या तसे, फक्त बंबखान्याच्या अर्धवट बांधलेल्या मनोऱ्याच्या बाजूचा, कोपऱ्यातला एक वाफा कोरडा ठणठणीत. डोक्यावर स्लॅब होता, तेव्हा उन्हानं पाणी उडालं म्हणायचीही सोय नव्हती. बांध कुठं फुटलेला नव्हता. रोज भरायचा आणि रोज रिकामा.

"कोणीतरी पितंय," बायका आपसात म्हणायच्या.

कोण पितंय, हे विचारायची गरज नव्हती. ह्याच जागेवर पूर्वी साड्यांचं गोदाम होतं. ते पेटलं तेव्हा शहरातून बंब यायला इतका उशीर झाला की आतली माणसं पाणी पाणी करत गेली. तेव्हापासून आसपासच्या खानदेशी वस्तीनं आपला स्वतःचा बंबखाना मागून मागून महापालिकेला सळो की पळो करून सोडलं होतं. तो आता उभा राहत होता, आणि राखेतली माणसं तहान घेऊन वर येत होती. वस्तीचं म्हणणं असं.

कामावर देखरेखीला होत्या प्रभावती बिऱ्हाडे, महापालिकेच्या ओव्हरसियर. उधन्याच्या रेल्वे चाळीत वाढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, तोंडानं फटकळ. ठेकेदार त्यांना 'बेन' म्हणायचा, मजूर 'मॅडम' म्हणायचे, आणि बायका 'प्रभाताई'. भुताचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "असेल तर हजेरीला लावा त्याला. माणसं कमीच पडतायत."

त्या सकाळी मात्र प्रभाताई तडक घागरीकडे निघाल्या. भरलेल्या वाफ्यांमधून बांधावर पाय ठेवत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. कोरड्या वाफ्याच्या मधोमध नवी मातीची घागर होती, गळ्यापर्यंत भरलेली. तिच्या तोंडावर छोटा लोटा, लोट्यावर खरबूज, बाजूला दोन सांजोऱ्या. आणि सांजोऱ्यांवर कागदाची एक पुडी. त्यांनी पुडी उलगडली. आत गुळाच्या पाकातली गोडीशेव होती.

मागून एक बाई किंचाळली, "अगं माय! ही तर हिलालनानाची घागर!"

२

खानदेशातल्या माणसाला घागर समजवायला नको, पण इतरांसाठी सांगायला हवं. आखाजीला आपल्या घरच्या मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. वर्षभराची त्यांची तहान त्या दिवशी भागते. घागरीजवळ त्या माणसाच्या आवडीचा एखादा घास ठेवतात. आणि गोडीशेव खिशात घेऊन हिंडणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चिमूटभर टेकवणारा माणूस ह्या कामावर एकच होता, हिलाल वॉचमन.

तो हिलाल हनुमान जयंतीच्या संध्याकाळी नाहीसा झाला होता. सगळी वस्ती मारुतीच्या भंडाऱ्याला जेवायला गेली होती. परत येऊन पाहतात तर फाटकाला कुलूप, हिलाल गायब, आणि मनोऱ्यासाठी आणलेल्या सळयांचा एक मोठा ढीगही गायब. ठेकेदार छगनभाईंनी चौकीत तक्रार दिली: वॉचमनच चोर. फाटकाची एक किल्लीही हिलालच्या करदोड्याला बांधलेली, ती त्याच्याबरोबर गेली. नवा वॉचमन त्या जागेत टिकेना.

चोराची बायको म्हणून कलाबाईला वस्तीत काय काय सोसावं लागलं, ते सांगायलाही जीभ रेटत नाही. नळावर तिचा हंडा मागं सरकवला जायचा. कामावरून तिला काढायची छगनभाईंची तयारी होती, प्रभाताईंनी ती हट्टानं ठेवून घेतली. कारण त्यांना एक गोष्ट पटत नव्हती. गोदामाच्या आगीत हिलाल-कलाबाईची पोर गेली होती, चंचल नावाची. "माझ्या चंचलचा बंबखाना," असं म्हणून हिलालनं ही नोकरी मागून घेतली होती. तो माणूस ह्याच जागेतल्या सळया चोरील?

पण मग गेला कुठं?

घागरीचं ऐकून कलाबाई पाणी भरायचं सोडून धावत आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घागर पाहिली, गोडीशेव पाहिली आणि तिनं कपाळ बडवून घेतलं.

"मना मानूस जित्ता से, ताई! जित्ता मानूसनी घागर कोनी भरी?"

तिचा आक्रोश खरा होता, अंगावर काटा यावा असा. जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला हातानं मारणं. वैऱ्याच्याही बाबतीत कोणी तसं करत नाही.

एवढ्यात छगनभाई आले. आखात्रीजचा मुहूर्त म्हणून मनोऱ्याच्या पुढच्या कामाला नारळ फोडायला आले होते, तर समोर हा तमाशा.

"आ शुं छे? घागर? अरे फेकी दो एने!" म्हणत ते तरातरा वाफ्यात शिरले आणि बुटाचा पाय त्यांनी उचललाही. पण मुकादम योगराजनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

"शेठ, नका. पाणी सांडू नका."

प्रभाताईंनी योगराजकडे पाहिलं. धिप्पाड माणूस, पण पाणी सांडतंय का म्हणून घागरीकडेच बघत होता. वस्तीत सगळेच भ्यालेले आहेत, हाही भ्यालाय, असं समजून त्यांनी ते तेव्हा सोडून दिलं.

"घागर कोणी हलवायची नाही," त्यांनी हुकूम सोडला. "फाटकाला कुलूप होतं. म्हणजे घागर ठेवणाऱ्याकडे किल्ली आहे. किल्ल्या तिघांकडे. तिघांनीही कचेरीत यायचं, एकेकानं."

"तिघं नही, मॅडम," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "चौथी हिलालकडे से."

३

कचेरी म्हणजे पत्र्याची खोली, आत एक टेबल, एक माठ आणि एक आवाज करणारा पंखा.

पहिला आला चेतन, स्टोअरकीपर. आईबाप धरणगावकडचे, पण हा जन्मला-वाढला कतारगामला. बोलायला लागला की अर्धं गुजराती.

"सकाळी फाटक मीच उघडलं, मॅडम. कुलूप बराबर होतं."

"आणि घागर पाहून घाबरला नाहीस?"

"घाबरायचं शेना माटे, कशाला? मला वाटलं, शेठनं मुहूर्ताच्या पूजेला ठेवलीय. तहान लागली होती, माठ रिकामा होता..." चेतन थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. "मॅडम, त्या बायका म्हणतात ते खरंय? ती मेलेल्या माणसाची असते? मी तर लोटा बाजूला करून त्यातलं ग्लासभर पाणी प्यायलो!"

प्रभाताईंना हसू आवरेना, आणि त्याची कीवही आली. "घरी आजी नाही का रे तुला?"

"आजी गावाला होती, ते वारली. आमच्यात आखाजी म्हणजे आमरस, बस."

बिचारा बाहेर जाऊन तोंडात बोटं घालून ओकारी काढायला लागला. त्याचा आवाज पत्र्याच्या भिंतीतून ऐकू येत होता.

दुसरे छगनभाई. ते बसलेच नाहीत.

"बेन, साफ वात करूं? ए चोर पाछो आव्यो छे. किल्ली त्याच्याकडे. लोकांना घाबरवायला घागर ठेवली, म्हणजे काम बंद पडेल आणि बाकीच्या सळया पण घेऊन जाईल."

"स्वतःच्याच नावाची घागर?"

"चोराला शरम थोडी असते! मला ती घागर-बिगर काही समजत नाही. मला एवढं समजतं की मजूर गेले तर पावसाच्या आधी हा मनोरा उभा राहत नाही, आणि महापालिका माझा ठेका काढून घेईल. मारूं तो मरण थई जशे."

हे मात्र खरं होतं. काम बंद पडण्यात छगनभाईंचाच सगळ्यात मोठा तोटा होता.

तिसरा योगराज. हिलालच्याच गावचा, शिंदखेड्याकडचा. कानबाईचा भक्त. श्रावणात तिच्या रोटांचा उत्सव ह्याच्याशिवाय वस्तीत होत नसे. तो टेबलासमोर उभा राहिला आणि पंख्याकडे बघत राहिला.

"योगराजभाऊ, घागर कोणाची वाटते?"

"कलाबाईनीच भरली असंल, ताई. बाईमाणूस, डोकं फिरलं असंल."

"तिचा नवरा जिता आहे म्हणते ती."

"जिताच आहे. मी काय खोटं सांगतो? गावाकडं लग्नाला गेलो तेव्हा नंदुरबारच्या फलाटावर माझ्या डोळ्यांनी पाहिला. काखेत गाठोडं. मी हाक मारली तर गर्दीत घुसला. कानबाईची आण घेऊन चौकीत सांगितलंय मी."

"हो, ते माहीत आहे मला." प्रभाताईंनी माठातून पाण्याचा पेला भरून त्याच्यापुढं सरकवला. सगळ्यांनाच दिला होता. उन्हाची वेळ होती.

योगराजनं पेला उचलला, ओठापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "नको," तो म्हणाला. "आजकाल पाणी गिळवत नाही."

तो गेल्यावर प्रभाताईंचं लक्ष त्या तशाच भरलेल्या पेल्याकडे गेलं. मग त्या झटक्यानं उठल्या, कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि गाळ्याकडे निघाल्या.

४

भुतावर विश्वास नसलेल्या माणसाला एक शहाणपण करावं लागतं: पाणी गेलं तर ते गेलं कुठं, हे शोधावं लागतं. हे आपण आठवडाभर आधी करायला हवं होतं, म्हणून प्रभाताई मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होत्या. मजुरांच्या गप्पांना हसण्याच्या नादात त्यांनी वाफ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

त्या उकिडव्या बसल्या आणि भरलेल्या वाफ्याच्या बांधालगत, फरशीवर हातोडा वाजवला. खण्ण. दुसऱ्या ठिकाणी. खण्ण. मग घागरीशेजारी, कोरड्या वाफ्यात वाजवला.

बद्द.

फरशीखाली पोकळी होती. नीट निरखलं तर घागरीच्या बुडाशी केसाएवढी तड दिसली. त्या तडीतून पाणी खाली जात होतं आणि खालची माती ते घटाघटा पीत होती.

इथपर्यंत ठीक. भराव नीट दाबला नाही की असं होतं, माती खाली बसते आणि वरची फरशी लोंबकळते. पण इथंच प्रभाताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण हा भराव त्यांनी स्वतः उभं राहून दाबून घेतला होता. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मुरमाच्या प्रत्येक थरावर धुम्मस मारून घेतली होती, आणि शेवटी ह्याच कोपऱ्यात टाच आपटून पाहिली होती. दगडासारखी कडक होती जमीन. आणि हनुमान जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, त्या यायच्या आत, मुकादमानं घाई करून ह्याच कोपऱ्यापासून काँक्रीट टाकायला सुरुवात केली होती.

मधली एकच संध्याकाळ. भंडाऱ्याची. त्या संध्याकाळी कोणीतरी दाबलेला मुरूम उकरला आणि परत भरला. माणूस घाईत असला की भरतो, दाबत बसत नाही.

काय पुरलं असेल?

प्रभाताई उठल्या तेव्हा कलाबाई मागं उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिनं हातोड्याचा आवाज ऐकला होता. आयुष्यभर बांधकामावर राबलेल्या बाईला बद्द आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही.

"ताई," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "माझा माणूस जिता असंल तर तो चोर. अन् चोर नसंल तर तो इथं खाली. मी देवीजवळ कोणतं मागू?"

प्रभाताईंनी तिला जवळ ओढलं. आईनंतर कोणाला असं धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कलाबाईचं अंग उन्हातही गार लागत होतं.

"मागू नकोस काही," त्या शेवटी म्हणाल्या. "आपण विचारू. पण विचारायचं तुला आहे, कला. माझ्यानं ते होणार नाही. जमेल?"

कलाबाईनं घागरीकडे पाहिलं, मग कपाळाचं कुंकू पदरानं सावरलं.

"जमंल."

५

ऊन कलल्यावर प्रभाताईंनी सगळ्यांना गाळ्यात बोलावलं. चौकीचे जमादारही एका बाजूला येऊन उभे राहिले होते. मजूर बाहेरच, उंबरठ्याला चिकटून. वाफ्यांमधल्या पाण्याचा कवडसा भिंतींवर हलत होता.

"घागर कोणी ठेवली ते सांगते," प्रभाताई म्हणाल्या. "चेतननं नाही. ती कोणाची असते हे ठाऊक असतं, तर त्यानं त्यातलं पाणी तोंडाला लावलं नसतं. छगनभाईंनी नाही. ते तर लाथ मारायला निघाले होते, आणि काम बंद पडून त्यांच्याच पोटावर पाय येतो. कलाबाईकडे किल्ली नाही, आणि ती नवऱ्याला जिता मानते. मग उरला कोण?"

"हिलाल स्वतः!" कोणीतरी बाहेरून ओरडलं. बायकांमध्ये कुजबुज उठली.

"असेल," प्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "योगराजभाऊंनी त्याला पाहिलंच आहे. मग तर ही घागर म्हणजे जित्या माणसाची घागर. तो मोठा अपशकुन. ती इथं अशी ठेवता येणार नाही. कला, घे."

कलाबाई वाफ्यात उतरली. खरबूज, सांजोऱ्या बाजूला काढल्या आणि घागर दोन्ही हातांनी उचलली. पाणी हिंदकळून तिच्या पातळावर सांडलं. चालत चालत ती योगराजसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही देखं ना त्यासले? नंदुरबारले?"

योगराजनं मान डोलावली.

"कानबाईनी आण?"

मान पुन्हा हलली, पण अर्धवट.

"मंग वता हाई पानी." तिनं घागर त्याच्या हातात दिली. "तुम्ही त्यांचे गाववाले. तुमच्या हातानं ओता. माझ्या माणसाचा अपशकुन टळू द्या."

योगराज घागर धरून उभा राहिला. किती सोपी गोष्ट! हात तिरका करायचा, बस. ज्यानं हिलालला जिता पाहिलाय त्याला कसली भीती? उलट त्यानंच सगळ्यांच्या आधी ती घागर उपडी करायला हवी होती. पण सकाळी लाथ अडवणारा हाच होता. त्याचे हात हलेनात. घागरीतलं पाणी मात्र लटलट हलत होतं.

"ओता ना," प्रभाताई म्हणाल्या.

"नको..."

"का नको? तो जिता आहे ना?"

"ताई, नको. रोज रिकामा होतो तो वाफा. रोज. मी भरून घेतो, सकाळी येतो तर..." योगराजनं कोरड्या वाफ्याकडे पाहिलं. "इतकं पाणी पितो तरी त्याची भागत नाही. ओतायला नका लावू. एवढी एक घागर राहू द्या त्याला."

"कोणाला?" कलाबाईनं विचारलं.

तो गुडघ्यांवर खाली बसला, पण घागर त्यानं सांडू दिली नाही. छातीशी धरली. आणि घरची बोली त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर आली.

"त्यानी पानी मांगं, वहिनी. मी दिधं नही."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. भंडाऱ्याच्या संध्याकाळी तो मनोऱ्याच्या परांचीवर चढून सांगाड्यातल्या सळया काढत होता. आधीही काढल्या होत्या, विकल्या होत्या. काँक्रीट पडलं की आत काय आहे कोण बघतं? पण हिलाल भंडाऱ्याला गेलाच नव्हता. तो वर चढून आला. 'गड्या, हे माझ्या चंचलचं घर आहे, ह्यात खोट नको, मी ताईंना सांगणार,' म्हणाला. योगराजनं त्याचा हात झटकला. तेवढंच, म्हणे. तेवढंच. हिलाल खाली पडला, पण लगेच गेला नाही. पाण्यानं भरलेलं पिंप हाताच्या अंतरावर होतं. तो पाणी मागत राहिला, आणि योगराज समोर बसून राहिला, तो मागायचा थांबेपर्यंत.

"पाणी देऊन डॉक्टरकडं नेला असता तर तो बोलला असता," योगराज म्हणाला. "म्हणून नाही दिलं."

चेतन रडत होता. जमादार पुढं आले. त्यांनी योगराजच्या काखेत हात घातला, तेव्हा त्यानं ती घागर जपून, एक थेंब न सांडता, कोरड्या वाफ्यात परत ठेवली.

६

फरशी फोडली तेव्हा हिलाल तिथंच होता. करदोड्याला किल्ली होती. खिशात भिजून गोळा झालेली गोडीशेवेची पुडी होती.

कलाबाई तेव्हा रडली, आणि वस्तीतल्या ज्या बायकांनी तिचा हंडा मागं सरकवला होता त्याही तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांना प्रभाताईंनी काय सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण बायकांनी ते खाली मान घालून ऐकलं.

गायब झालेला ढीगही योगराजनंच, हिलालवर आळ यावा म्हणून, हलवला होता. मनोऱ्याचे सळया चोरलेले खांब पाडून नव्यानं उभे केले. त्याचा खर्च छगनभाईंनी सोसला. कोपऱ्यातला भराव प्रभाताईंनी थराथरानं दाबून घेतला. धुम्मस मारताना जागेवरून हलल्या नाहीत, चहालाही नाही. मग नवं काँक्रीट पडलं, नवे बांध घातले.

पाणी भरायला कलाबाई आली. कपाळ मोकळं होतं. तिच्या डोक्यावर बादली नव्हती, घागर होती. तीच, आखाजीची.

"आते मी भरसू त्यास्नी घागर," ती म्हणाली, आणि वाफ्याशी वाकून तिनं सगळं पाणी हळूहळू ओतलं. मग पदराच्या टोकात बांधून आणलेली गोडीशेव तिनं पाण्यावर सोडली. एक चिमूट हिलालची आणि एक चंचलची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाफा काठोकाठ भरलेला होता. बायका म्हणाल्या, हिलालनानाची तहान भागली. प्रभाताईंनी हातोडा वाजवून पाहिला, खण्ण आवाज आला. भराव घट्ट होता, तड नव्हती, पाणी जाणार कुठं? एवढं सगळं माहीत असूनही बंबखाना सुरू होईपर्यंत त्या रोज सकाळी आधी त्या कोपऱ्यात जायच्या, पाण्यात बोट बुडवून बघायच्या आणि मगच हजेरी घ्यायला बसायच्या.